जिभेची माती

मुलांनो, उजव्या हाताची मूठ उघडा. तळहातावर चिमूटभर काळी, ओली माती आहे असं समजा. आता ती जिभेच्या टोकावर ठेवा. चावायची नाही, नुसती विरघळू द्यायची. आधी काहीच लागणार नाही. मग जिभेच्या कडा आक्रसतील, तोंडाला पाणी सुटेल आणि घामासारखी, जुन्या जखमेसारखी एक खारट कडवट चव घशाकडे सरकू लागेल. थांबा, थुंकू नका. तुमच्यासमोर सगळी भावकी बसली आहे, आणि तुम्हाला गिळून, हसून म्हणायचं आहे, ‘साखर हाय.’

जमेल? मी एका माणसाला ते करताना पाहिलं आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली.

भाद्रपदातली दुपार होती. मी माझ्या बहिणीच्या, शालनच्या सासरी निघालो होतो, तासगावच्या पुढं. पिशवीत कलमाचा चाकू, बांधायच्या पट्ट्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या. रोपवाटिका हा माझा धंदा. शालनचा नवरा भगवान वारला त्याला दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून ती आणि तिची दहा वर्षांची वैजू थोरल्या दिराच्या, संपत जमदाडेच्या घरात होत्या. त्याला सगळे अण्णा म्हणत. दुसऱ्या दिवशी वाटणी होती. जमिनीचे दोन तुकडे, एक अण्णाचा, एक शालनचा.

गाव यायच्या आधी वास आला. साखर कारखान्याची कुजकी मळी. ओढ्याकाठच्या रानात अण्णा उभा होता आणि गडी पाट्या ओतत होते. मळी म्हणजे उसाच्या रसाचा गाळ. खत म्हणून चांगलीच असते. पण पावसानं भिजली की मेलेल्या जनावरासारखी घाण सुटते. अण्णाचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्यानं ते धोतराला पुसले, खिशातून कागदात बांधलेला गौरीचा लाडू काढला आणि मी नको म्हणायच्या आत त्याच हातानं माझ्या तोंडात कोंबला.

“खावा पाव्हणं. गोड खाऊन बोलाय सुरवात करावी.”

मी तो लाडू गिळला. कसा, ते विचारू नका.

“बगा तुमच्या भणीचं रान,” तो म्हणाला.

“वाटणी उद्या हाय न्हवं? तिनं अजून उचललंय कुठं?”

“उचललंच म्हणायचं. डोळं असलेलं माणूस दुसरं काय उचलंल?”

खरंच, रान बघण्यासारखं होतं. वेल बांबूवरून तारेला लागले होते. पानं पाच बोटांची, चकचकीत, तळहाताहून मोठी. आणि ती पानं बघूनच मी वाकून एका वेलाचं बूड चाचपलं.

का, ते तुम्हाला सांगायला हवं. आपलं गोड द्राक्ष वर खूप देखणं असतं, पण त्याचं मूळ नाजूक. म्हणून खाली रानटी द्राक्षाचं मूळ लावतात, त्याला खुंट म्हणायचं. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की तो कापून त्यात गोड द्राक्षाची काडी बसवायची, त्याला म्हणायचं कलम भरणं. वर गोड वेल, खाली रानटी मूळ. पण सगळे रानटी काही एकसारखे नसतात. वर्गात कसा एकाला पाढे येतात, एकाला पोहता येतं, तसंच. एक खुंट मीठ सोसतो, दुसरा तहान सोसतो. रान बघून खुंट निवडावा लागतो. त्या वेळी आमच्या भागात हे सगळं नवं होतं. ‘चांगल्या घरात जंगली सून कशाला?’ असं म्हणून लोक हसत.

ओढ्याकाठचं हे रान खारं होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. उन्हाळ्यात त्यावर पांढरं मीठ फुटायचं. म्हणून महाशिवरात्रीच्या सुमारास मी स्वतः इथं येऊन माती चाखली होती आणि या रानासाठी डॉगरिज नावाचा खुंट दिला होता, मीठ सोसणारा. वरचं रान मुरमाड, पाण्याला हलकं, पण माती गोडी. तिथं एकशे दहा आर नावाचा खुंट, तहान सोसणारा. मी गाडीभर रोपं उतरवून दिली होती आणि कुठली कुठं ते अण्णाला तीनतीनदा सांगितलं होतं.

“अण्णा, हे खुंट न्हाईत,” मी म्हणालो. “ही तर द्राक्षाचीच काडी लावलीय. सोताच्या मुळावर.”

“मग? चर खणलं, वाळू भरली, मळी घातली. रान गोडं झालं. आता जंगली कशाला? कलमाची कटकट गेली, एक वरीस वाचलं. पुढच्या सालाला घड धरंल माझी भावजय.”

“आन् मी दिल्याली डॉगरिजची रोपं?”

“लागली की कामाला,” तो म्हणाला आणि तंबाखूची पिंक चरीत टाकली.

घरी शालन भाकऱ्या थापत होती. मला बघून तिचे डोळे भरले, पण ते आनंदानं.

“दादा, बगितलं रान? अण्णांनी सोताचं रान सोडून माझं आदी केलं. मी काय काय मनात आणत हुते त्यांच्याबद्दल.”

“शाले, वरचं बगितलंस का?”

“ते काय बगायचं? हातभर वाढल्यात रोपं. पिवळी पडल्यात.”

“पाणीच दिलं नसंल तर पडणारच की.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि आवाज खाली आणला. “दादा, तुला हात जोडते, उद्या तोंड उघडू नगंस. मागच्या दोन बारीला वाटणी मोडली. एकदा म्हणं माझ्या माहेरचं लोक शिकवत्यात, दुसऱ्यांदा म्हणं मुहूर्त न्हाई. आता परत मोडली तर मी जलमभर या चुलीपुढं. मला माझी चूल पायजे.”

जमदाड्यांच्या भावकीत रीतच होती. वाटणीत माहेरचा माणूस बोलला की वाटणी मोडली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्याच्या वंशानं आधी उचलायचं, म्हणजे थोरला मुद्दाम वाकडे वाटे पाडत नाही. उचलायचं म्हणजे ज्या रानावर हक्क सांगायचा, त्यात नारळ ठेवायचा. आणि त्याआधी वाटे पाडणाऱ्यानं दोन्ही रानांतली चिमूटभर माती जिभेवर ठेवून म्हणायचं, ‘दोन्ही सारखी.’ तिला जिभेची माती म्हणत. पूर्वजांनी काहीतरी विचारानं ती रीत घातली असणार. पण आमच्या काळात ते अक्षता टाकण्यासारखं झालं होतं. माती ओठाला लावायची आणि मोकळं व्हायचं.

भगवान नव्हता. म्हणजे नारळ वैजू ठेवणार होती.

मला बोलायला बंदी होती. भाचीला घेऊन रानात फिरायला नव्हती.

“लोकांचं मामा पेढं आणत्यात,” वैजू वाटेत म्हणाली. “माझा मामा काड्या आणतो.”

“पेढा खाऊन संपतो. काडी लावली तर?”

“काडी लावली तर मामा म्हातारा हुस्तवर तीच सांगत बसतो.”

पोरगी तिखट होती. रोपं उतरवली त्या दिवशी मी तिला पानं ओळखायला शिकवलं होतं आणि ती शाळेतल्या कवितेसारखी पाठ केली होती तिनं. एकशे दहा आरचं पान लहान, जाड, तेल लावल्यासारखं चमकतं. डॉगरिजचं मोठं, मंद, खालून लवदार, मांजराच्या कानासारखं.

खालच्या रानात मी काही बोललो नाही. फक्त खुरपं तिच्या हातात दिलं.

“वेलाच्या बुडातली माती काढ. थोडी जिभेवर ठेव.”

“शी.”

“मी बी ठेवतो. चल.”

तिनं ठेवली. “काय लागत न्हाई. घाण वास येतो नुसता.”

“आता वेलांच्या दोन ओळींच्या मदे खण. चरीच्या भायेर. कोपरभर.”

वरची मळी बाजूला झाली. खाली माती चिकट, निळसर काळी. तिनं चिमूट जिभेवर ठेवली आणि दुसऱ्या क्षणी थू थू करत ओढ्याकडे पळाली. चूळ भरून आली तरी तोंड वाकडंच.

“मीठ हाय नुसतं. मामा, चरीत न्हाई आन् हितं कसं?”

“चरीत काय भरलंय?”

“वाळू. मळी.” ती थांबली. मग वेलाच्या बुडापासून स्वतः खणलेल्या खड्ड्यापर्यंत तिनं वितीनं अंतर मोजलं. “मुळं चरीतच ऱ्हात्यात व्हय?”

“तू एका खोलीत किती दिवस ऱ्हाशील?”

तिनं खड्डा बुजवला आणि वरच्या रानाची वाट धरली.

वरचं रान दीनवाणं होतं. भेगा पडलेल्या. पाऊस यंदा बेताचा, आणि विहिरीचा पाट बांधावरच दगड लावून बंद केलेला. रोपं गुडघ्याएवढी, पानं फिकट. वैजू ओळीतून चालत होती, पानं उलटून बघत होती. ओळीच्या मध्यावर ती खाली बसली.

“मामा, ही मांजराच्या कानाची हाईत.”

मी गेलो. खरंच. अर्ध्या रानात एकशे दहा आर होता, अर्ध्यात डॉगरिज. जे मूळ मी मिठासाठी दिलं होतं, ते मीठ नसलेल्या रानात लावलं होतं. आणि मिठाच्या रानात नाजूक मूळ.

“अण्णा चुकलं व्हय?” तिनं विचारलं.

बांधाकडं बघत मी म्हणालो, “तू घराकडं हो. आईला भाकऱ्यांना मदत कर.”

कारण बांधावरून अण्णा येत होता. ती गेली. पण लांब गेली नाही हे मला नंतर कळलं.

“काय पाव्हणं, भाचीला शिकवणी चाललीया?”

“अण्णा, डॉगरिज खाली लावायचा हुता. तुमाला तीनदा सांगितलं हुतं.”

“व्हय, सांगितलं हुतं. माझ्या ध्यानात हाय.” तो बांधावर बसला, मला बसायची खूण केली. चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता. दुकानदार हिशेब समजावतो तशी शांतता होती. “हे बगा. खाली दोन वरसं वेल असा हसंल की गाव बगाय येईल. तिसऱ्या सालाला पानांच्या कडा जळत्यात, मग काड्या, मग बुंदा. तवर भावजयीला समाधान. एकट्या बाईला रान झेपतंय व्हय? तिसऱ्या सालाला ती म्हणंल, अण्णा, तुमीच घ्या हे. आमी काय परकं हाय? घरातलं रान घरात.”

“आन् वरचं?”

“पाट सोडला की पंधरवड्यात उठतंय बगा. तुमीच तर दिल्यात रोपं. चांगली जात हाय.” त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मळीचा वास अजून त्या हाताला होता. “पुढच्या सालाला माझ्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांची रोपं तुमच्याकडनंच. शबुद हाय आपला.”

मी त्याचा हात बाजूला केला आणि ओढ्यावर जाऊन लाडवासकट जे होतं ते ओकलो. एखादा माणूस शेजाऱ्याच्या बैलाला विष घालतो, रागानं घालतो, त्याचा संताप येतो. पण हा तीन वर्षांचं विष मोजून, त्यावर वाळू पसरून, पाणी घालून, कौतुकानं वाढवत होता. आणि वरून लाडू भरवत होता.

संध्याकाळी मी शालनला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि मान हलवली. “दादा, तुला जंगली मुळांपुढं काय दिसत न्हाई. हिरवं ते हिरवं. आन् तू उद्या बोललास तर माझं मेलेलं तोंड बगशील.”

वैजू कोपऱ्यात जेवत होती. तिनं वर बघितलं नाही.

सकाळी भावकी जमली. दोन्ही रानांच्या मध्ये चिंचेखाली घोंगडी अंथरली होती. भावकीतले सगळ्यांत वडीलधारे ज्ञानूतात्या काठी टेकून बसले. शालन बायकांच्या घोळक्यात, पदर कपाळापर्यंत. अण्णानं पांढरा फेटा बांधला होता. त्याच्यापुढं दोन पानं, एकावर तांबूस माती, एकावर काळी. काळी कुठून आणली असेल ते मला न बघताच कळलं. चरीतून, वेलाच्या बुडातून.

“चल संपत,” तात्या म्हणाले. “जिभेची माती घे. मग पोर नारळ ठेवंल.”

अण्णानं तांबडी चिमूट जिभेला लावली. मग काळी. हात जोडले. “दोन्ही सारखी. माझ्या भावाच्या लेकराला कमी देईन तर माझं वाटोळं हुईल.”

बायकांत कुणीतरी डोळे पुसले. मला वाटतं ती शालनच होती.

“ये वैजे,” तात्या म्हणाले. “बापाचं नाव घे आन् ठिव नारळ.”

वैजू उठली. एका हातात नारळ होता. दुसरी मूठ झग्याच्या खिशात. ती रानाकडं गेली नाही. अण्णापुढं येऊन बसली आणि खिशातली मूठ त्याच्यापुढं रिकाम्या झालेल्या पानावर उघडली. निळसर काळी, चिकट माती. बोटांच्या खुणा उठलेला गोळा.

“अण्णा, ही बी घ्या.”

“ही कसली गं?” तो हसला.

“खालच्या रानातलीच हाय. दोन ओळींच्या मदली.”

“घेतली की मी माती. आता काय समदं रान खाऊ?”

लोक हसले. वैजू हसली नाही.

“तुमी घेतली ती वेलाच्या बुडातली. पर मुळं तितंच थोडी बसून ऱ्हात्यात. मुळं हितवर येनार.”

हसणं थांबलं. कुणीतरी खाकरलं. मी जमिनीकडे बघत होतो. मी बोललो असतो तर सगळं मोडलं असतं, आणि बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

ज्ञानूतात्यांनी काठीनं त्या गोळ्याला टोचून बघितलं. “पोर वावगं बोलत न्हाई. घे की संपत. त्याच रानातली माती हाय न्हवं? गोडं झालंय रान, तूच म्हणतोस.”

अण्णानं चिमूट उचलली. अगदी लहान.

“नीट घे,” तात्या म्हणाले. “नव्या नवरीगत लाजतोस काय?”

त्यानं घेतली. तोंड मिटलं. मी त्याच्या जबड्याकडे बघत होतो. आधी काही नाही. मग गालाच्या आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, फेट्याखाली कपाळावरची शीर उठली. आता थुंकेल असं मला वाटलं. थुंकला असता तर कदाचित मी त्याला माफही केलं असतं; माणूस आहे, लोभानं चुकला, असं म्हणालो असतो. पण त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यानं गिळलं. मिशीवरून जीभ फिरवली, तिच्यावर काळा थर होता.

“साखर हाय,” तो म्हणाला. आणि हसला. दातांच्या फटींत माती.

भावकीत कुणीही बोललं नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकानं उन्हाळ्यात ते रान पांढरं पडलेलं पाहिलं होतं. प्रत्येकाच्या तोंडाला पाणी सुटलं असणार, माझ्या सुटलं होतं. तरी सगळे गप्प. कुणी घोंगडीची दशी ओढत होतं, कुणी चिंचेकडे बघत होतं. त्या गप्प बसण्याचीही मला त्या दिवशी तेवढीच किळस आली.

मग बायकांच्या घोळक्यातून शालन उभी राहिली. तिचा पदर कपाळावरून मागं सरकला होता आणि तिनं तो पुढं ओढला नाही. ती बराच वेळ अण्णाच्या तोंडाकडं बघत राहिली, शिजलेल्या भातात अळी दिसावी तशी. मग तिनं वैजूकडं बघितलं आणि हनुवटी वर केली. वरच्या रानाकडं.

वैजू निघाली. भेगाळलेल्या ओळींतून, पिवळ्या रोपांच्या मधून गेली, मांजराच्या कानासारख्या पानांच्या एका रोपापाशी थांबली. बुडात नारळ ठेवला आणि बापाचं नाव मोठ्यानं घेतलं. परत येताना बांधावर वाकून तिनं पाटाचा दगड काढला. पाणी सुटलं.

मला वाटलं, झालं. ज्ञानूतात्याही काठी टेकून उठायला लागले.

पण वैजू आईकडं आली नाही. भावकीला पाणी प्यायला बांधावर ठेवलेला तांब्या तिनं वाहत्या पाण्यात बुडवून काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी धरून, न सांडता, सगळ्या भावकीच्या मधून चालत ती अण्णापुढं आली. तांब्या त्याच्या तोंडासमोर धरला.

“अण्णा,” ती म्हणाली, “चूळ भरा.”

आणि तो घेईपर्यंत तशीच उभी राहिली.